मुलांना परातीशी बसू द्या

हिवाळ्यात मटार स्वस्त झाले की घरात दोन-तीन किलोंची पिशवी येते आणि ती सोलायला मुलं आपणहून बसतात. अर्धे दाणे परातीत, अर्धे तोंडात. कच्चा मटार पौष्टिक असतो, हे त्यांना कुणी सांगितलेलं नसतं. त्यांतलंच एखादं मूल रात्री पानातल्या उसळीतून एकेक दाणा वेचून कडेला लावतं, तेव्हा आई हताश होते. दाणा तोच. दुपारी तो मुलाने स्वतः शेंगेतून काढला होता, रात्री तो कुणीतरी त्याच्या पानात वाढला, एवढाच काय तो फरक.

मला जे आग्रहाने सांगायचं आहे ते या फरकाविषयी आहे. मुलांना स्वयंपाकात घ्यायचं ठरवलं की बहुतेक घरांत सुरुवात रविवारच्या केकने किंवा पिझ्झाने होते. चॉकलेट, रंगीत गोळ्या, फोटो, आणि सोमवारपासून पुन्हा "तू बाहेर बस, मला घाई आहे." त्यातून मूल केक करायला शिकतं, पण वरण-भाताशी त्याची ओळख होत नाही. मुलांना काम द्यायचं ते रोजच्या पोळी-भाजीतलं द्यावं, आणि ते असं असावं की त्यावाचून जेवण खरोखर अडेल. लसूण त्याने सोलला नाही तर फोडणीत लसूण पडणार नाही, हे मुलाला बरोबर कळतं. उगाच गुंतवून ठेवण्यासाठी हातात दिलेला कणकेचा गोळाही त्याला तितकाच बरोबर कळतो. दोन-अडीच वर्षांपर्यंत तो गोळा पुरतो, भातुकलीही पुरते. त्यानंतर मुलाचं लक्ष मोठ्यांच्या पोळपाटाकडे लागलेलं असतं. तीच वेळ त्याला शेजारी बसवून घेण्याची.

ही काही नवी कल्पना नाही. १९३७ साली वर्ध्याच्या शिक्षण परिषदेत गांधीजींनी नई तालीमचा विचार मांडला. हाताने केलेल्या उपयोगी कामातून शिक्षण, हा त्याचा गाभा. सेवाग्रामच्या शाळेत सूतकताई आणि शेतीबरोबर सामूहिक स्वयंपाकही मुलांच्या शिकण्याचा भाग होता. किती माणसं जेवायची, त्यांना किती तांदूळ लागेल, मळ्यातून आज कोणती भाजी निघेल, हा मुलांचा तिथला अभ्यास होता. आपल्या घरात चार माणसं जेवत असली, तरी अभ्यास तोच आहे.

जमिनीवरचं स्वयंपाकघर

मुलांना ओट्यापर्यंत हात पुरत नाही, म्हणून लोक त्यांच्यासाठी स्टूल शोधतात. स्टूलवर उभं राहिलेलं मूल शेगडीच्या, उकळत्या आमटीच्या आणि सुरीच्या बरोबर समोर येतं. त्याची गरजही नसते. आपल्या स्वयंपाकातली निम्मी पूर्वतयारी आजही बसून होते किंवा करता येते. भाजी निवडणं, शेंगा सोलणं, तांदूळ निवडणं, कणीक मळणं, पुऱ्या लाटणं, करंज्या भरणं, यांतलं एकही काम ओट्यावाचून अडत नाही. जमिनीवर जुनी चादर किंवा वर्तमानपत्र पसरा, मधे परात ठेवा आणि भोवती बसा. पडलं-सांडलं तरी चादर झटकली की झालं. पाय घसरून पडण्याची भीती नाही, आणि आग दूर राहते. परदेशातल्या मराठी घरांत ओटे आणखी उंच असतात, तिथे तर हे फारच सोयीचं.

दोन-तीन वर्षांच्या मुलाला मेथीची जुडी द्या. पानं खुडायची, जाड देठ वेगळे टाकायचे. सुरुवातीला देठ पानांत आणि पानं कचऱ्यात जातील. तुम्ही शेजारी बसून तेच काम करत राहा, त्याचं काम त्याच्यासमोर दुरुस्त करू नका. कढीपत्त्याची पानं ओरबाडून काढणं, शेंगदाणे भाजून गार झाल्यावर तळहातांवर चोळून सालं उडवणं, उकडलेल्या बटाट्याची सालं काढणं, ही कामं मुलं तासन्तास करू शकतात. लसूण थोडा वेळ कोमट पाण्यात ठेवला की लहान बोटांनाही सोलता येतो. मासे खाणाऱ्या घरांत सात-आठ वर्षांची मुलं कोलंबी सोलून पाठीतला काळा दोरा काढायला उत्तम शिकतात. त्यानंतर हात साबणाने धुवायचे आणि मधे तोंडाला लावायचे नाहीत, हे मात्र पहिल्या दिवसापासून शिकवावं. अंडी आणि कच्च्या चिकनलाही तोच नियम. कणीक मळताना मुलं कच्ची कणीक खातात, तीही थांबवावी.

पाच-सहा वर्षांच्या मुलांकडे मापं सोपवावीत. १९७० साली प्रसिद्ध झालेल्या कमलाबाई ओगल्यांच्या 'रुचिरा'ने महाराष्ट्रातल्या कितीतरी घरांना वाटी-चमच्याच्या मापाने स्वयंपाक शिकवला, आणि ते माप मुलांसाठी फार उपयोगी आहे. एक वाटी तांदूळ, दोन वाट्या पाणी. आज पाहुणे आहेत, तांदूळ अडीच वाट्या, तर पाणी किती? दुसरीतल्या मुलाला हे बोटांवर मोजता येतं. वाटी मात्र घरात एकच ठरवून ठेवा, ती डब्यातच राहू द्या.

घाईच्या सकाळी यातलं काही होणार नाही, आणि त्याबद्दल वाईट वाटून घेऊ नये. रोजच्या धावपळीत पाच मिनिटांचं एकच काम मुलाच्या नावावर करून टाकावं. सगळ्यांत सोपं म्हणजे पानं घेणं. ताटात मीठ वर मधोमध, डावीकडे लिंबाची फोड, चटणी, कोशिंबीर, उजवीकडे भाजी-उसळ. ही मांडणी मुलांना एकदा दाखवली की ती तिचे काटेकोर राखणदार होतात आणि बाबांनी चटणी उजवीकडे वाढली तर तिथल्या तिथे सांगतात. निवडण-सोलणाला शनिवारची दुपार किंवा सुट्टीची सकाळ राखून ठेवा आणि नेहमीपेक्षा अर्धा तास आधी सुरुवात करा. मूल बरोबर असताना घड्याळाकडे बघत काम केलं, तर दोघांचाही विरस होतो.

सुरी आणि विळी

सुरीची भीती वाटणं साहजिक आहे, पण दहा वर्षांपर्यंत सुरीला हातच न लावलेलं मूल एक दिवस एकटं असताना सफरचंद कापायला जातं, ते जास्त धोक्याचं. चौथ्या-पाचव्या वर्षी बोथट सुरीने केळं, उकडलेला बटाटा, पनीर कापू द्या. सात-आठ वर्षांच्या मुलाला लहानशी पण धारेची सुरी द्या. बोथट सुरीला जोर लावावा लागतो आणि ती घसरते. कापायच्या फळीखाली ओलं फडकं घातलं की फळी हलत नाही. काकडी आधी उभी दोन भागांत तुम्ही कापून द्या म्हणजे सपाट बाजू खाली बसते आणि गोल काकडी हाताखालून निसटत नाही. भाजी धरलेल्या हाताची बोटं आत वळवलेली, अंगठा मागे. हे दोनशे वेळा सांगावं लागेल, तरी सांगावं.

विळीचं वेगळं आहे. तिचं पातं उघडं, वर तोंड करून उभं असतं. पुढे झुकून बसावं लागतं आणि पाटावर पाय भक्कम लागतो. खोबरं खवायचा मोह पडावा अशी विळी असली, तरी बारा-तेरा वर्षांपर्यंत तिच्यापासून मुलांना लांब ठेवणं बरं. काम झालं की विळी आडवी करून ठेवायची, ही जुन्या घरांतली शिस्त आजही पाळायला हवी. मिक्सरच्या भांड्यात हात घालण्यापूर्वी बटण तर बंद करायचंच, शिवाय प्लगही काढायचा, हे मोठ्यांनी मुलांदेखत रोज करावं. मुलं सांगितलेलं विसरतात, पाहिलेलं विसरत नाहीत. हिरव्या मिरच्या चिरण्याचं काम सगळ्यांत शेवटी शिकवावं. मिरचीचा हात डोळ्याला लागला की त्या दिवशीचा स्वयंपाक संपतो.

थालीपीठ, दही आणि मोड

एकच पदार्थ मुलांबरोबर करायचा असेल तर मी थालीपीठ निवडेन. दोन वाट्या भाजणी, एक बारीक चिरलेला कांदा, मूठभर कोथिंबीर, चमचाभर तीळ, हळद, मीठ, बेताचं तिखट आणि लागेल तसं पाणी. भिजवणं हे लहान हातांचं आवडतं काम, आणि पीठ सैल झालं तरी आणखी भाजणी घालून सावरता येतं. थापण्याची खरी गंमत अशी, की तवा थंड असतानाच त्यावर तेल लावून थेट थालीपीठ थापता येतं. चटका लागण्याचा प्रश्नच नाही. मधे बोटाने भोकं पाडायची आणि प्रत्येक भोकात तेलाचा थेंब सोडायचा, तो मोठ्यांनी दाखवून द्यावा. मग तवा गॅसवर ठेवायचं, झाकण घालायचं आणि उलटायचं काम तुमचं. दोन तवे असतील तर एक भाजत असताना दुसऱ्यावर मूल थापत राहतं. तवा लोखंडी असेल तर आणखी चांगलं. थालीपीठ वाकडंतिकडं होईल, कुठे जाड, कुठे पातळ. त्याचं त्याने थापलेलं त्याच्याच पानात वाढा, लोण्याचा गोळा घालून.

दही लावणं हा स्वयंपाकघरातला सगळ्यांत स्वस्त विज्ञानाचा प्रयोग आहे. तापवलेलं दूध कोमट झालं की मुलाने स्वच्छ हाताची करंगळी बुडवून बघावी. ऊब जाणवावी पण बोट सहज ठेवता यावं. अर्धा लिटर दुधाला चमचाभर विरजण, नीट ढवळायचं, झाकायचं आणि मग हलवायचं नाही. त्याच दुधाच्या दोन वाट्या करा. दोन्हींना विरजण लावा, एक ओट्याच्या उबदार कोपऱ्यात आणि एक फ्रिजमध्ये ठेवा. सकाळी एका वाटीत दही असेल, दुसरीत दूध दूधच राहिलेलं. विरजणातल्या जिवाणूंना ऊब लागते, हे वेगळं सांगावं लागत नाही. उन्हाळ्यात पाच-सहा तासांत लागणारं दही थंडीत रात्रभर का घेतं, याचा शोध मग मूल स्वतःच लावतं.

मटकीचंही तसंच. रात्री भिजवायची, सकाळी पाणी काढून ओल्या फडक्यात बांधायची, संध्याकाळी किंवा दुसऱ्या दिवशी सकाळी गाठ सोडायची. गाठ सोडण्याचा मान मुलाचा. मोड लांब आले की आखूड, पाणी जास्त राहिलं म्हणून वास आला का, हे त्याने बघायचं आणि उसळ कधी करायची ते त्याने सांगायचं.

सणावारी तर आपल्याकडे मुलांच्या हातांना कामांची वाण नाही. नागपंचमीला चिरायचं नाही, तळायचं नाही, म्हणून पुरणाची दिंडं उकडतात. चौकोनी घडी घालणं सहा वर्षांच्या मुलाला जमतं. गणपतीत मोदकाच्या कळ्या पाडायला मुलांना बसवा, फुटलेले मोदक त्यांनी खावेत. भोंडल्याची खिरापत तर मुलांनीच ठरवावी आणि गुपितही त्यांनीच राखावं. दिवाळीत शंकरपाळ्यांवर कातण फिरवणं, चकलीच्या सोऱ्यात पीठ भरणं. फक्त संक्रांतीला पक्क्या पाकाच्या तिळाच्या वडीपासून मुलांना दूर ठेवा. गुळाचा पाक उकळत्या पाण्यापेक्षा जास्त तापलेला असतो, आणि कातडीला चिकटून राहतो. त्याऐवजी भाजलेले तीळ, दाण्याचं कूट आणि चिक्कीचा नव्हे तर साधा मऊ गूळ खलबत्त्यात किंवा मिक्सरमध्ये एकत्र कुटून बिनपाकाचे लाडू वळता येतात. ते मुलांनी वळावेत.

वेगळा स्वयंपाक नको

मुलांसाठी करायच्या स्वयंपाकाची सगळ्यांत मोठी चूक माझ्या मते ही, की तो वेगळा केला जातो. मोठ्यांना भाकरी-भरीत आणि मुलाला नूडल्स. दोन वेळचा दुहेरी स्वयंपाक करून आई दमते, आणि मुलाची चव मात्र जिथल्या तिथे राहते. पातेलं एकच असावं, आणि तिखट पडण्याआधी मुलाचं वाढून बाजूला काढावं. वरण शिजलं की त्याची वाटी आधी काढा, मग आमटीला फोडणी द्या. उसळीला आधी नुसता जिरं-हिंग-हळदीचा हात लावा, मुलाचा वाटा काढा, नंतर गोडा मसाला आणि तिखट. पाच-सहा वर्षांचं झालं की त्यात थोडं थोडं तिखट वाढवत जा. बघता बघता मूल मोठ्यांच्या पातेल्यात येतं.

बाळाच्या बाबतीतही पाया तोच. सहा महिने पूर्ण झाले की आईच्या दुधाबरोबर वरचं अन्न सुरू करायचं. गुरगुट्या भात, मऊ मुगाचं वरण, वर साजूक तूप, नाचणीची लापशी, हाताने कुस्करलेलं केळं किंवा रताळं. पहिल्या वर्षात मीठ आणि दुसरं वर्ष संपेपर्यंत साखर-गूळ टाळावेत. वर्षाच्या आत मध अजिबात नको, चाटवायचासुद्धा नाही. त्यातले काही जिवाणू लहान बाळाच्या आतड्यात विष तयार करू शकतात आणि तो आजार जिवावर बेतू शकतो. आठव्या-नवव्या महिन्यापासून मिक्सर बाजूला ठेवावा आणि हाताने कुस्करावं. सगळं गंधासारखं वाटून देत राहिलं, तर मूल चावायला उशिरा शिकतं आणि दोन वर्षांचं झालं तरी डाळीचा दाणा लागला की ओकारी काढतं. अख्खे शेंगदाणे, फुटाणे, अख्खी द्राक्षं, गाजराचे कच्चे तुकडे चार वर्षांच्या आतल्या मुलांच्या घशात अडकतात. दाण्यांचं कूट करा, द्राक्षं उभी चार भागांत चिरा, आणि मूल पळत असताना घास भरवू नका.

लोहाचा विचार प्रत्येक घराने गंभीरपणे करावा. २०१९ ते २०२१ या काळातल्या राष्ट्रीय कुटुंब आरोग्य सर्वेक्षणात देशातली सहा महिने ते पाच वर्षं वयाची ६७ टक्के मुलं रक्तक्षयी आढळली. पोह्यांवर आणि उसळीवर लिंबू पिळण्याची आपली सवय फार चांगली आहे, कारण लिंबातल्या क जीवनसत्त्वामुळे धान्य-कडधान्यातलं लोह अंगी लागतं. चहा नेमका उलटं काम करतो, म्हणून मुलांना चहा नको, जेवणाबरोबर तर नकोच. आणि ज्या मुलाची आई "काहीच खात नाही हो" म्हणते, तिने ते दिवसाला किती दूध पितं हे एकदा मोजावं. बाटलीने लिटरभर दूध पिणाऱ्या मुलाला भूक लागणार कुठून? वर्षानंतर दिवसाला अर्धा लिटर दूध, दही-ताक धरून, पुष्कळ झालं. नाचणीच्या शंभर ग्रॅम पिठातही ३४० मिलिग्रॅमच्या आसपास कॅल्शियम असतं. कॅल्शियमसाठी दुधाचाच आग्रह धरायला नको.

खात नाही, तेव्हा

वर्षाचं झाल्यावर मुलाची वाढ पहिल्या वर्षाइतकी झपाट्याने होत नाही, त्यामुळे भूकही उतरते. हे नैसर्गिक आहे. याच वयात नव्या पदार्थाला नकार देण्याचीही खोड लागते. नवी भाजी मुलाने आपली म्हणावी यासाठी ती दहा-पंधरा वेळा त्याच्यासमोर यावी लागते, आणि आपण तिसऱ्या वेळेलाच "त्याला दुधी आवडत नाही" असा शिक्का मारतो. एकदा तो शिक्का त्याच्यासमोर मारला की मूल तो इमानाने जपतं.

एलिन सॅटर या अमेरिकी आहारतज्ज्ञ बाईंनी आखून दिलेली कामाची वाटणी मला फार पटते. काय शिजवायचं, कधी आणि कुठे वाढायचं हे मोठ्यांनी ठरवावं. वाढलेल्यातलं खायचं की नाही आणि किती खायचं, हे मुलाने. पानात टाकायचं नाही, या आपल्या संस्काराशी हे विसंगत वाटेल. पानात काही उरू द्यायचं नसेल तर वाढतानाच चमचाभर वाढावं. संपलं तर मूल पुन्हा मागेल, आणि मागून घेण्यात त्याला मोठेपणा वाटतो. भाजी संपवलीस तर चॉकलेट देईन, असं कबूल करू नका. त्यातून भाजी ही शिक्षा आहे हेच मुलाला समजतं. मोबाइलसमोर घास भरवणं तर आजपासून बंद करावं. पहिले तीन-चार दिवस रडारड होईल, मूल कमी खाईल. त्याने उपाशी राहत नाही ते. वजन वाढत नसेल, मूल सतत मलूल असेल, घास गिळताना त्रास होत असेल, किंवा हाताच्या बोटांवर मोजण्याइतके पदार्थच खात असेल, तर मात्र घरगुती उपायांत वेळ न घालवता बालरोगतज्ज्ञांना दाखवा.

चार मुलं एकत्र बसली की एकटं न खाणारं मूलही जेवतं, हे आपल्याला अंगतपंगतीमुळे पूर्वीपासून ठाऊक आहे. महिन्यातून एकदा शेजारची मुलं बोलवा, प्रत्येकाने घरून एक पदार्थ आणावा, आणि गोल करून बसवा. मोठ्यांनी आत राहावं.

डब्याचा प्रश्न रात्रीच सोडवावा. "उद्या डब्याला काय देऊ?" असं विचारलं की उत्तर ठरलेलं असतं. "मटकी देऊ की फरसबी?" असं विचारा. दोन्ही तुमच्याच निवडीची, पण ठरवलं त्याने. 'तोत्तोचान' वाचलेल्यांना कोबायाशी मास्तरांची युक्ती आठवत असेल. डब्यात काहीतरी समुद्रातलं हवं आणि काहीतरी डोंगरावरचं, एवढंच ते पालकांना सांगत, आणि जेवायच्या वेळी मुलं उत्सुकतेने डबे उघडत. आपल्याला काहीतरी जमिनीखालचं आणि काहीतरी वेलीवरचं, असं म्हणता येईल. डब्यातला पदार्थ गार झाल्यावर चांगला लागला पाहिजे आणि मधल्या सुट्टीच्या दहा मिनिटांत संपला पाहिजे. भाजी भरून गुंडाळलेली पोळी, छोटी थालीपिठं, धपाटे, तिखट-मिठाच्या पुऱ्या या कसोटीला उतरतात. उन्हाळ्यात ओल्या खोबऱ्याची चटणी डब्यात देऊ नये, ती लवकर आंबते. डबा तसाच परत आला तर रागावण्याआधी विचारा. बऱ्याचदा कारण पदार्थाचं नसतं. झाकण उघडलेलं नसतं, किंवा कुणीतरी वासावरून चिडवलेलं असतं.

शेगडीपाशी

दहाव्या-अकराव्या वर्षी मुलाला गॅस पेटवायला शिकवा, तुम्ही शेजारी उभं राहून. ओढणी, सैल बाह्या, मोकळे केस आवरलेले हवेत. बटण फिरवलं की लगेच लायटर. दोन-तीनदा पेटला नाही तर बटण बंद करायचं, खिडकी उघडायची आणि थांबायचं. सिलिंडरमधला वायू हवेपेक्षा जड असतो, तो जमिनीलगत साचतो, म्हणून वास आला तर विजेचं कोणतंही बटण खाली-वर करायचं नाही, रेग्युलेटर बंद करायचा, दारं-खिडक्या उघडायच्या आणि घराबाहेर येऊन १९०६ वर फोन करायचा. हा क्रमांक फ्रिजवर लिहून ठेवा. कढई-पातेल्याचे दांडे ओट्याच्या आत वळलेले असावेत. तेलाने पेट घेतला तर गॅस बंद करून वर झाकण टाकायचं, पाणी कधीही नाही.

फोडणी शिकवताना घाई नको. तेल तापलं का, हे एक मोहरी टाकून बघायचं. तडतडली की बाकीची मोहरी आणि लगेच झाकण आडवं धरायचं. तडतड थांबली की जिरं, हिंग, कढीपत्ता. कढीपत्ता पुसून कोरडा केलेला हवा, नाहीतर तेल उडतं. शिकणाऱ्या मुलाने हळद आणि तिखट गॅस बंद करून घालावं, म्हणजे ते करपत नाही आणि ठसकाही लागत नाही. तळण मात्र पंधरा-सोळा वर्षांपर्यंत मोठ्यांकडेच असू द्या. पुऱ्या लाटण्याचं काम मुलांचं, कढईत सोडण्याचं तुमचं.

भाजलं तर पहिलं काम म्हणजे नळाचं गार वाहतं पाणी, सलग वीस मिनिटं. बर्फ नाही, टूथपेस्ट नाही, हळद नाही, तूप नाही. बांगडी-अंगठी सूज येण्याआधी काढा. फोड फोडू नका. चेहऱ्यावर, हातावर, सांध्यावर भाजलं असेल किंवा भाजलेला भाग मुलाच्या तळहातापेक्षा मोठा असेल, तर थेट दवाखाना; रुग्णवाहिकेसाठी १०८.

यातलं सगळं मुलगी आणि मुलगा दोघांसाठी आहे. "ताईला मदत कर" असं मुलाला सांगू नका, त्याच्या नावावर त्याचं काम लावा.

बारा-तेरा वर्षांच्या मुलाने स्वतंत्रपणे करायचा पहिला पूर्ण स्वयंपाक मुगाच्या खिचडीचा असावा. एक वाटी तांदूळ, अर्धी वाटी मुगाची डाळ, दोन्ही धुऊन अर्धा तास भिजवलेले. कुकरमध्येच दोन चमचे तेलाची फोडणी, त्यात कांदा, मटार, हळद, मग निथळलेले डाळ-तांदूळ दोन मिनिटं परतायचे. साडेतीन ते चार वाट्या गरम पाणी, मीठ, चमचाभर गोडा मसाला. कुकर अर्ध्याच्या वर भरू नये. डाळीचा फेस वर येऊन शिट्टीच्या नळीत अडकू शकतो, म्हणून झाकण लावण्याआधी ती नळी उजेडात धरून आरपार दिसते का ते मुलाने रोज बघावं. मध्यम आचेवर तीन शिट्ट्या. त्यानंतर वाफ आपोआप जिरेपर्यंत झाकणाला हात लावायचा नाही, शिट्टी उचलून वाफ सोडायची नाही, कितीही भूक लागली तरी. तेवढ्या वेळात काकडी चोचवून, दाण्याचं कूट घालून कोशिंबीर होते, पापड भाजून होतात आणि ओटा पुसून होतो. जेवणं झाली की कुकरही त्याच हातांनी घासायचा. तळाला लागलं असेल तर त्यात गरम पाणी घालून आधी अर्धा तास ठेवावं, म्हणजे खरवडावं लागत नाही.